सासूबाईंचं तेल, आवृत्ती दुसरी

गावाकडून शहरात येणाऱ्या बसच्या पोटात बॅगा कमी आणि तेलाचे डबे जास्त असतात. डबा उतरवून घ्यायला उशिरा गेलात, तर ड्रायव्हर सख्ख्या मामासारखा रागावतो.

*

"माझा डेटा म्हणजे माझा टूथब्रश. तो मी कोणाला वापरायला देत नाही." (थेक्लाबाई, रसायनशास्त्र विभाग.)

*

आमच्या विद्यापीठाच्या डेटा-साठवणीतून एखादी गोष्ट काढून टाकली, तरी तिच्या जागी एक पान उरतं: इथे अमुक होतं, आता नाही, कारण पुढीलप्रमाणे. कारणाचा रकाना रिकामा सोडता येत नाही.

*

वरच्या मजल्यावरचे वांगेलीसकाका, बोटीवरचे निवृत्त इंजिनियर: "आम्ही समुद्रावर एकच नियम पाळला. आमटीत काय आहे, हे स्वयंपाक्याला विचारायचं नाही."

*

पोर्तुगालहून आलेल्या पत्राची पहिली ओळ: "आपला तक्ता इतका नीटनेटका आहे, की मी तो शेजारच्या खोलीत नेऊन दाखवला."

*

त्या कारणाच्या रकान्यात मी 'सासूबाई' असं लिहिलं. मग पुसलं.

*

आता क्रमाने सांगतो. वस्तूला नाव देणं, ती क्रमाने लावणं आणि दुसऱ्याला सापडेल अशा जागी ठेवणं, हाच माझा पेशा आहे. घरी तो मला जमत नाही, हे माझी बायको पोलिक्सेनी मोजे शोधताना रोज सांगते.

रकाना: जबाबदार व्यक्ती

मी मेनेलाओस, ग्रंथपाल. विद्यापीठाच्या तळघरात जुन्या नियतकालिकांच्या सहवासात माझं बरं चाललं होतं. मग वरून नियम आला, की ज्या संशोधकाला अनुदान हवं असेल त्याने आपली मोजमापं, तक्ते, आकडे, म्हणजे एकूण सगळा डेटा नीट सांभाळावा, तो कुठे नि कसा ठेवणार याचा आराखडा द्यावा, आणि शक्य तेवढा जगाला खुला करावा. हे संशोधकांना शिकवायला कोणीतरी हवं होतं. विद्यापीठाने चौफेर नजर टाकली, आणि ज्याच्या अनुपस्थितीने कोणाचंच अडणार नव्हतं असा मी सापडलो. मला थेसालोनिकीला कार्यशाळेला पाठवलं. तिथून मी एक प्रमाणपत्र आणि एक सर्दी घेऊन परतलो आणि 'डेटा प्रशिक्षक' झालो.

खोली मिळाली ती झेरॉक्सची. मशीन बाहेर काढून व्हरांड्यात ठेवलं होतं, आणि येता-जाता ते माझ्याकडे घरातून हाकललेल्या म्हाताऱ्यासारखं बघायचं.

आमचे डीन लिकूर्गोससाहेब स्पष्टवक्ते. ते म्हणाले, "हे बघ मेनेलाओस, ईस्टरपर्यंत मुदत. तुझ्या त्या साठवणीत आपण काहीतरी ठेवणार, ते बाहेरचं कोणीतरी उचलून वापरणार, असं तू म्हणतोस ना? मग मला बाहेरचा एक माणूस दाखव. एक! नाहीतर मशीन आत आणि तू खाली."

तळघराला मी घाबरत नव्हतो. पण पोलिक्सेनीचं औषधाचं दुकान आहे, आणि तिने खोकल्याच्या प्रत्येक बाटलीबरोबर माझ्या बढतीची बातमी गिऱ्हाइकांना दिली होती. आता मी परत तळघरात गेलो, तर अख्ख्या वस्तीला पुन्हा खोकला येईपर्यंत ती बातमी दुरुस्त होणार नव्हती.

रकाना: पद्धत (पहिला प्रयत्न)

पहिल्या प्रशिक्षणाला तिघे आले. एकाला ही दंतवैद्यकाची खोली वाटली होती. दुसरे भौतिकशास्त्राचे वयस्कर प्राध्यापक होते. ते पुढच्या रांगेत बसून प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. मला भरून आलं. शेवटी कळलं की त्यांच्या मानेचा व्यायाम चालू होता. तिसऱ्या थेक्लाबाई. त्या भांडायला आल्या होत्या.

"माझ्या फाइली मी कशा ठेवते ते मला विचारू नकोस," त्या म्हणाल्या. "ठेवते मी."

"पण बाई, उद्या तुम्ही रजेवर गेलात तर दुसऱ्या कोणाला..."

"दुसऱ्या कोणाला कशाला? दुसऱ्या कोणी केलं का ते काम? मी रात्रंदिवस मोजायचं आणि कुठल्यातरी बोक्याने येऊन मलई खायची?"

हीच तऱ्हा सगळीकडे. एकाचा डेटा मेहुण्याच्या लॅपटॉपवर होता आणि मेहुण्याशी बोलणं बंद होतं. एक जण म्हणाला, "देईन की, पण आधी शेजारच्या विभागाने द्यावा." शेजारचा विभागही हेच म्हणाला. दोन सभ्य माणसांनी दारात "आधी आपण, आधी आपण" करत दोघांनीही बाहेरच राहावं, तसं चाललं होतं. फरक इतकाच, की इथे कोणी सभ्यपणाने करत नव्हतं.

संध्याकाळी बाल्कनीत मी वांगेलीसकाकांपाशी रडगाणं गायलो. काका कॉफीचा तळ ढवळत म्हणाले, "अरे, तू लोकांकडे मागतोयस. मागणाऱ्याला आपल्याकडे कोण देतं? त्यांना बढाई मारू दे. फुकट देतील, वर पोचवायलाही येतील."

"संशोधनाची बढाई कोण मारतं, काका?"

"संशोधनाची नाही रे, ठोंब्या. तेलाची."

मला सांगायला लाज वाटते, की युरोपच्या डेटा धोरणाचा आमच्याकडचा पाया अशा रीतीने एका बाल्कनीत घातला गेला.

रकाना: पद्धत (दुसरा प्रयत्न)

आमच्याकडे ग्रीसमध्ये माणूस देवावर, सरकारवर आणि स्वतःच्या बायकोवर शंका घेईल, पण आपल्या गावाहून येणाऱ्या ऑलिव्हच्या तेलावर घेणार नाही. शहरात दुकानातलं तेल विकत घेणाऱ्याकडे आम्ही अनाथ म्हणून बघतो. पोलिक्सेनीचंच पाहा. पाहुणा जेवायला बसला की आधी पावाच्या तुकड्यावर आईचं तेल, मग "घशात टोचलं की नाही?" हा प्रश्न, कारण अस्सल तेल घशाला टोचतंच. पाहुणा खोकला नाही तर त्याला परत बोलवायचं नाही.

तेव्हा मी सूचना लावली: सरावासाठी प्रत्येकाने आपल्या गावच्या तेलाची छोटी बाटली आणावी. रसायनशास्त्र विभाग तपासून देईल. आपण फक्त आलेले आकडे नीट कसे मांडायचे ते शिकू.

तेवढ्यात आवक-जावकच्या अग्लाईआबाईंनी सूचना अडवली. आमच्या विद्यापीठात त्यांच्या शिक्क्याशिवाय कागद भिंतीला चिकटत नाही.

"तेल हे काय आहे?" त्यांनी चष्म्यावरून विचारलं.

"तेल आहे."

"ते मला दिसतंय. खाद्यपदार्थ असेल तर कँटीन समितीकडे जा. रासायनिक नमुना असेल तर सुरक्षा समितीकडे. भेटवस्तू असेल तर," इथे त्यांनी आवाज खाली आणला, "मी काही ऐकलंच नाही."

मी दोन्ही समित्यांच्या दारात उभा राहिलो. कँटीनवाल्यांनी मला सुरक्षेकडे पाठवलं, सुरक्षेवाल्यांनी कँटीनकडे, आणि जाता-येता मी दोन्हीकडच्या अध्यक्षांना व्हरांड्यात एकत्र कॉफी पिताना पाहिलं. हात हलवत परत आलो, तर अग्लाईआबाईंच्या टेबलावर एक बाटली उभी.

"'अध्यापन साहित्य' असं लिही," त्या म्हणाल्या. "आणि हे माझं. माझी बहीण पाठवते. असं तेल अख्ख्या पेलोपोनीज प्रांतात नाही. हे बाकीच्यांना कळलं पाहिजे."

रकाना: सहभागी

त्या दिवशी मोठं सभागृह लागलं. डीनसाहेब स्वतः आले. त्यांच्या हातात इस्त्रीच्या रुमालात गुंडाळलेली बाटली होती, आणि ती त्यांनी तान्ह्या मुलासारखी टेबलावर ठेवली. "मावशीची झाडं," ते म्हणाले. "माझ्या पणजोबांनी लावलेली."

आणि मग जे झालं ते कुठल्याही कार्यशाळेत मला कोणी शिकवलं नव्हतं. जी माणसं फाइलला 'नवीन', 'नवीन नवीन' आणि 'हे बघ' अशी नावं देत होती, ती आता रकान्याच्या नावावरून वाद घालू लागली. झाडांचं वय लिहायचं का? गावाची उंची समुद्रसपाटीपासून की चर्चच्या पायरीपासून? तोडणी हाताने की काठीने? कोणत्या घाण्यावर काढलं? मोजमापाचं एकक लिहिलं नाही म्हणून दोन इतिहासकार भांडले! मानेच्या व्यायामवाल्या प्राध्यापकांनी आपल्या आजोबांच्या तेलघाण्याचं वर्णन लिहिलं, ते इतकं लांबलं की त्याला अनुक्रमणिका जोडावी लागली. थेक्लाबाईंनी एकेका बाटलीतले निरनिराळे घटक मोजून तक्ता भरला. मोजलं त्यांनी सगळ्यांचं. बघितलं फक्त आपल्या गावचं.

"हे विद्यापीठापुरतं ठेवू का?" मी विचारलं.

"विद्यापीठापुरतं?" डीनसाहेब कडाडले. "जगाला कळू दे! नावासकट, गावासकट!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. 'माणसांची ओळख कधी आणि कशी झाकावी' यावर मी फार मेहनत घेऊन एक भाग तयार केला होता. पण तेवढ्यात बाहेर गरम पाव आले, आणि तो भाग मी रिकाम्या खुर्च्यांना समजावून सांगितला. त्यांना पटला.

तक्ता साठवणीत चढला. त्याला कायमचा क्रमांक मिळाला. मी पोलिक्सेनीला फोन केला. "आईचं तेल जगाच्या पाठीवर गेलं गं," मी म्हणालो. ती म्हणाली, "जायलाच हवं होतं."

रकाना: वापर

पोर्तुगालहून ते पत्र आलं ते एका संशोधक बाईंचं; त्या तेलाच्या घटकांवरून तेल कुठलं ते ओळखण्याचं काम करतात. त्यांनी आमचा तक्ता वापरला होता. बाहेरचा माणूस! मी खुर्चीतून उठलो, पुन्हा बसलो, आणि पत्र पुढे वाचलं.

"फक्त एक शंका," बाईंनी लिहिलं होतं. "सहावा, चौदावा आणि एकोणिसावा हे तीन नमुने आपण चुकून एकाच भांड्यातून घेतले का? गावं तर एकमेकांपासून दूरची दिसतात, पण तेल एकाच पिंपातलं आहे."

सहावा नमुना डीनसाहेबांच्या मावशीचा. चौदावा अग्लाईआबाईंच्या बहिणीचा. एकोणिसावा सासूबाईंचा. तीन गावांचं एकच पिंप, म्हणजे दुकान.

माझी अवस्था कशी झाली म्हणता! जे पत्र दाखवलं तर माझी खोली वाचत होती, त्याच पत्राने माझं घर बसत होतं. आणि लपवलं तर तळघर. तक्ता मागे घ्यावा म्हणून मी साठवण उघडली, तर तो कारणाचा रकाना. तिथे मी काय लिहिलं आणि पुसलं, ते वर आलंच आहे.

पत्र लपवण्याची सोयही उरली नाही. परदेशी पत्राला माझ्याकडे येण्याआधीच आवक क्रमांक लागतो. अग्लाईआबाईंनी पत्र वाचलं, आपला नंबर पाहिला, शिक्का मारला आणि कॉफीच्या वेळी एवढंच सांगितलं, "तीन जणांचं तेल दुकानातलं निघालंय. कोणाचं ते मी सांगणार नाही. पेशाची इभ्रत असते."

दुपारपर्यंत विद्यापीठातला प्रत्येक माणूस व्हरांड्यात उभा राहून आईला फोन करत होता.

घरी पोलिक्सेनीने पत्र माझ्या हातातून घेतलं. औषधाची चिठ्ठी वाचावी तसं वाचलं.

"मोजायला चुकलेत," ती म्हणाली. "त्या थेक्लाला सांग, पुन्हा कर."

नव्या डब्यातलं तेल घेऊन मी थेक्लाबाईंकडे गेलो. त्यांनी पुन्हा मोजलं. उत्तर तेच.

"यंत्र बिघडलं असेल," मी चाचरत म्हणालो.

"माझं यंत्र खोटं बोलत नाही रे," थेक्लाबाई म्हणाल्या. "यंत्राला जावई नसतो."

रकाना: ज्ञात त्रुटी

डीनसाहेबांकडे जावंच लागलं. त्यांनी पत्र वाचलं. मग त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला.

"मावशी, मी लिकूर्गोस. ... हो, जेवलो. ... हो, गळ्याला गुंडाळलंय. ... मावशी, ते तेल... नाही, संपलं नाही. मी काय म्हणत होतो, पोर्तुगालहून एक पत्र..."

यानंतर फोनमधून जो आवाज आला तो मलाही स्वच्छ ऐकू आला. तू पोलीस झालास का रे? विद्यापीठाचा साहेब झालास म्हणून मावशीची झडती घेतोस? कांजिण्या झाल्या होत्या तेव्हा तुझ्या उशाशी कोण बसलं होतं, पोर्तुगाल? डीनसाहेब उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले. शेवटी "हो मावशी, चुकलं मावशी" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

"काढून टाक ते," ते मला म्हणाले.

"काढता येत नाही, साहेब. कारण द्यावं लागतं. आणि ते कारण जगभर दिसतं."

"मग तू हे असलं काय शिकवतोस आम्हाला!"

"एक उपाय आहे," मी म्हणालो, आणि या नोकरीत पहिल्यांदाच मला वाटलं की मला काहीतरी येतं. "पहिली आवृत्ती तशीच राहते. पण दुरुस्त करून दुसरी आवृत्ती काढता येते. लोक तीच आधी बघतात. तिच्यात नावं झाकता येतात. फक्त तेल खरं कुठलं, ते खरं लिहावं लागेल."

डीनसाहेबांनी उठून दार लावून घेतलं. "आणि नावं कशी झाकायची असतात?"

"त्याचं प्रशिक्षण आहे."

त्या प्रशिक्षणाला सभागृह अपुरं पडलं. माणसं खिडक्यांत बसली. दंतवैद्यकाचे लोक या खेपेला मुद्दाम आले. आधी मी रिकाम्या खुर्च्यांना सांगितलेला भाग आता माणसं लिहून घेत होती. फक्त नाव खोडून भागत नाही, हे सांगितल्यावर हुंदका आल्यासारखा आवाज झाला. गाव, झाडांचं वय आणि आजोबांचा घाणा यांवरूनही माणूस ओळखू येतो. मानेच्या व्यायामवाल्या प्राध्यापकांनी या खेपेला मान आडवी हलवली. शेवटी थेक्लाबाई उठल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "माझे मागच्या वर्षांचे तक्ते पण बघशील का रे जरा? त्यांतही माणसं आहेत." टूथब्रश स्वतःहून माझ्या हातात आला होता.

रकाना: मूळ स्रोत

ईस्टरला सासूबाई आल्या. कालिरोई हे त्यांचं नाव. बसमधून आधी डबा उतरला, मग त्या. ड्रायव्हरने दोघांनाही सारख्याच काळजीने उतरवलं.

जेवणाच्या टेबलावर पोलिक्सेनीने तेलाची बाटली आणली नाही. सासूबाईंच्या ते लगेच लक्षात आलं.

"आई," पोलिक्सेनी म्हणाली, "हे तेल कुठलं?"

मी माझ्या ताटातल्या पालेभाजीचा अभ्यास करू लागलो. वांगेलीसकाकांना आम्ही जेवायला बोलावलं होतं. त्यांनी पावाची टोपली जवळ ओढली.

"सगळ्या गावांच्या बस जिथे मिळतात, त्या जंक्शनच्या थांब्यासमोर दुकान आहे," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "चांगलं ठेवतो. का, वास आला का?"

"नाही."

"घशाला टोचत नाही का?"

"टोचतं! पण आई, मी अख्ख्या वस्तीला सांगत होते, आमच्या झाडांचं..."

"मग मी एकटीच आहे का? बसच्या आधी तिथे रांग असते. सगळ्या आपापले डबे घेऊन उभ्या. वरच्या गावच्या, खालच्या गावच्या. कोणी कोणाकडे बघत नाही. अंत्ययात्रेत गप्प असतात तशा." सासूबाईंनी पावाचा तुकडा मोडला. "गुडघे गेलेत माझे. झाडावर काय तुझा हा डेटावाला चढणार आहे?"

"सांगायचं होतंस. आम्ही इथे विकत घेतलं असतं."

"म्हणजे मग डबा पाठवायचा नाही," सासूबाई म्हणाल्या. "आणि डबा पोचला का, हे विचारायला फोन करायचा नाही. आणि रिकामा डबा न्यायला यायचं नाही. छान!"

पोलिक्सेनी उठली. तिने स्वयंपाकघरातून बाटली आणली आणि आईच्या ताटात, माझ्या ताटात, काकांच्या ताटात तेल ओतलं. स्वतःच्या ताटात जरा जास्तच. काका खोकले. "खरं आहे," ते म्हणाले. "टोचतं."

मी घसा साफ करून विषय काढला. दुसरी आवृत्ती निघणार होती, आणि तिच्यात सगळ्यांची नावं झाकायची होती. सासूबाईंचंही झाकतो, काळजी नसावी.

"झाकायचं? माझं नाव?" त्यांनी चमचा खाली ठेवला. "मी काय चोरी केली? नीट चाखून, निवडून, घासाघीस करून आणलंय. लिही, कालिरोईने निवडलं. दुकानवाल्याचं पण लिही, त्याला बरं वाटेल."

तसं लिहिलं. सभागृहभर लोकांनी आपापली नावं झाकून घेतली. डीनसाहेब 'सहभागी सहा' झाले, अग्लाईआबाई 'सहभागी चौदा', आणि एकोणिसाव्या ओळीत तेवढं पूर्ण नाव आहे. पोर्तुगालच्या बाईंनी दुसरी आवृत्ती मिळताच आभार मानले आणि लिहिलं की शहरातलं 'गावचं तेल' प्रत्यक्षात कोणत्या वाटेने येतं, याची इतकी प्रामाणिक नोंद त्यांनी पाहिली नव्हती. ते पत्र मी डीनसाहेबांच्या टेबलावर ठेवलं. ईस्टर उलटला होता, तरी त्यांनी माझ्या खोलीच्या कागदावर सही केली, माझ्याकडे न बघता. जाताना म्हणाले, "बाहेरचा एक माणूस मागितला होता. तू माझ्या मावशीला आणलंस."

झेरॉक्स मशीन मात्र आत आलं. व्हरांड्यातून रस्ता अडतो, असं सुरक्षा समितीचं म्हणणं पडलं. आम्ही दोघं एकाच खोलीत असतो. थेक्लाबाई येतात, मशीनवर आपली पर्स ठेवतात आणि रकान्यांवरून माझ्याशी भांडतात. साठवण भरत चालली आहे. पोलिक्सेनी अजूनही पाहुण्याला पावाच्या तुकड्यावर तेल देते आणि विचारते, "आईने निवडलंय. टोचलं की नाही?" रिकामा डबा न्यायला सासूबाई पुढच्या महिन्यात येणार आहेत.

गुडघे जायच्या कितीतरी आधी ऑलिव्हची झाडं सासूबाईंनी विकली, ते पोलिक्सेनीचं विद्यापीठातलं पहिलं वर्ष होतं.